बोलक्या पाटीची तारीख

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलं होतं. पण बजावणाऱ्यांनी स्वतःच ती आतापर्यंत तिघांना सांगितली आहे, आणि तिन्ही वेळा थोडी थोडी वेगळी. म्हणून मी ती एकदाच, झाली तशी लिहून ठेवते.

एका गावात एक पोस्ट ऑफिस होतं आणि तिथे हेमलता सोनटक्के नावाची बाई काम करायची. सगळे तिला हेमाताई म्हणायचे. पत्रांवर शिक्के मारायचे, पार्सलं तोलायची आणि दुपारी तीनला टपालाची थैली बंद करून तिला सील लावायचं, हे तिचं काम. ते ती पोटासाठी करायची. जीव लावून करायची ते काम वेगळंच होतं.

ते काम म्हणजे 'बोलकी पाटी'. हा संगणकावरचा एक प्रोग्रॅम होता. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांना तो पुस्तकं वाचून दाखवायचा. तो कुणालाही फुकट मिळायचा आणि त्याची आतली रचनाही सगळ्यांना खुली होती. कुणीही ती उघडून बघावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी, नवं सुचलं तर घालावं. मुख्य बनवणारी माणसं चार, आणि चौघंही आपापला उद्योग सांभाळून हे करणारी. हेमाताई पोस्टातली. भालू ढवळे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. रुबीना आरोग्य केंद्रात नर्स होती. आणि नाना राजहंस हे संस्कृतचे निवृत्त मास्तर. त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर हट्टाने प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं होतं. दर रविवारी सकाळी चौघं गावच्या वाचनालयात जमायचे. कुणालाही त्याचा एक पैसा मिळत नव्हता.

म्हणूनच त्यांच्यात एक रिवाज पडला होता. कुणी काम करून आणलं की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि ते काम येणाऱ्या आवृत्तीत घालायचं. ते केव्हा आणलं हे विचारायचं नाही. अर्धवट असलं तर पुरं होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. फुकट राबणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? नानांनी तर सुंदर अक्षरात एक पाटी लिहून भिंतीवर टांगली होती: 'येथे कोणाचेही दान परत पाठविले जात नाही.'

वाचायला फार छान वाटायचं. नुकसान कसं झालं ते आता सांगते.

बोलकी पाटी तयार झाली की ती मुलांपर्यंत इंगोले सर न्यायचे. सर अंध मुलांच्या अकरा निवासी शाळांचे फिरते शिक्षक होते. त्या शाळांमधले संगणक जुने, कुणीतरी देऊन टाकलेले. इंटरनेट नावापुरतं. म्हणून दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की त्याच सोमवारी सकाळच्या एसटीने सर निघायचे. खिशात पेनड्राइव्ह. प्रत्येक शाळेत तीन दिवस राहायचं, एकेका संगणकावर नवी आवृत्ती चढवायची, मुलांना ती शिकवायची आणि पुढची एसटी धरायची. ही फेरी वर्षातून एकदाच व्हायची. ती चुकली की मुलांच्या वाट्याला वर्षभर जुनीच पाटी.

मागच्या वर्षी नव्या पाटीची फेरी चुकली होती. आधी दसऱ्याला आवृत्ती काढायचं ठरलं. भालू म्हणाला, "माझं दिवाळीपर्यंत होईल." मग दिवाळी ठरली. आता वेळ आहेच म्हणून नानांनी नवं काम काढलं. ते तुळशीच्या लग्नापर्यंत होईना. थांबलोच आहोत तर म्हणून भालूने आपलं झालेलं काम पुन्हा उसवलं. तोवर सर जुनी पाटी घेऊन फेरीला निघूनही गेले. संक्रांतीला रुबीना रडकुंडीला आली. सगळ्यांचं काम एकत्र करून तपासायचं काम तिच्याकडे होतं. "तुम्ही दर रविवारी काहीतरी हलवता आणि मी दर सोमवारी पहिल्यापासून तपासते," ती म्हणाली. "मी माणूस आहे की गिरणीचा पट्टा?"

शेवटी आवृत्ती निघाली ती होळीच्या आदल्या दिवशी. दहावीची परीक्षा तेव्हा सुरूही झाली होती. इंगोले सर आले, त्यांनी पेनड्राइव्ह घेतला आणि "फार छान झालंय" म्हणाले. सर कधी रागवत नसत. त्यामुळे हेमाताईला जास्तच लाज वाटली.

यंदा तिला ही लाज नको होती. आणि यंदा एक गौराही होती.

गौरा ही सरांच्या फेरीतल्या पहिल्याच शाळेतली दहावीची मुलगी. नववीत असताना तिने वसतिगृहाच्या बाईंचा फोन घेऊन थेट पोस्टात फोन लावला होता, तक्रार करायला.

"तुमची पाटी गणित वाचत नाही," गौरा म्हणाली. "तीन छेद चार असेल तर नुसतं 'तीन चार' म्हणते. वर्गमूळ तर गिळूनच टाकते. मग मला कुणाला तरी हाक मारावी लागते. ज्या मुलींना थोडं दिसतं त्या येतात, वाचून देतात. पण त्यांनाही अभ्यास असतो ना? चौथ्या हाकेला त्या झोपल्याचं सोंग घेतात. मला कळतं."

"हो गं," हेमाताई म्हणाली.

"मला अकरावीला सायन्स घ्यायचंय. असं हाका मारत सायन्स कसं घेणार?"

"हे दुरुस्त होईल," हेमाताईने सांगितलं.

आणि ते खरोखर झालंही. रुबीनाने आषाढातच गणिताचं काम हातावेगळं केलं. पाटी आता 'तीन छेद चार' असं स्पष्ट म्हणायला लागली. पण आषाढ गेला, श्रावण गेला, आणि ते काम तयार होऊन तसंच पडून राहिलं, कारण बाकीच्यांचं व्हायचं होतं. हेमाताईला सगळ्यात जास्त वैताग याचाच यायचा. पोळ्या झाल्या आहेत, आमटी झाली आहे, मुलं भुकेली बसली आहेत, आणि कुणीतरी लोणच्यासाठी कैऱ्या उतरवायला झाडावर चढलंय म्हणून पानं वाढायची नाहीत, असला प्रकार.

बाकीच्यांचं काय व्हायचं होतं तेही सांगते. नानांना पाटीकडून संस्कृत श्लोक चालीत म्हणवून घ्यायचे होते. चरण संपला की श्वास घेतल्यासारखं थांबायचं, मग पुढचा चरण. पाटी अजून तिसऱ्याच शब्दाला श्वास घेत होती. भालूचं काम याहून थोर होतं. पाटी सुरू होताना पडद्यावर एक चित्र यावं, त्यात काळी पाटी चमकावी, तिच्यावर खडूने आपोआप अक्षरं उमटावीत, असं तो चार महिने करत होता.

"भालू, ही पाटी वापरतं कोण?" हेमाताईने एकदा विचारलं.

"मुलं."

"त्यांना दिसतं का?"

"त्यांच्या मास्तरांना दिसतं की!"

तिसरं काम स्वतः हेमाताईचं होतं. पाटीचा आवाज यंत्राचा होता, डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. त्या जागी माणसाचा आवाज असावा म्हणून हेमाताई दोन वर्षं स्वतःच्या आवाजात एकेक शब्द ध्वनिमुद्रित करत होती. घराशेजारी पिठाची गिरणी होती. ती रविवारी बंद असायची. तेव्हा वाचनालयातून घरी येऊन, खिडक्या लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन ती शब्द बोलायची. उन्हाळ्यात गोधडीखाली घामाच्या धारा लागायच्या. असे तीन हजारांवर शब्द झाले होते. या कामाबद्दल ती फारशी बोलत नसे. पण तिचं सगळ्यात लाडकं काम हेच होतं.

भाद्रपदात एका रविवारी तिने नेहमीसारखं विचारलं, "आवृत्ती कधी काढू या? तुम्हाला कधी जमेल?"

"गणपती होऊ देत," भालू म्हणाला.

"पितृपंधरवडा झाला की बसतो," नाना म्हणाले.

दसरा झाला तरी कुणी बसलं नव्हतं. "आता फक्त एकच राहिलंय," असं भालूने त्या दिवसांत सतरा वेळा म्हटलं. हेमाताईने मोजलं होतं. दर वेळी ते 'एकच' वेगळं असायचं. आणि विचारावं तर तो खरोखरच हिरमुसायचा. दिवसभर मोटारी खोलून आलेला, नखांत ग्रीस अडकलेलं, तरी इथे येऊन बसलेला माणूस. त्याला काय बोलणार? म्हणून ती घरी जाऊन भांडी आपटायची.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पोस्टात एक प्रसंग घडला. तसा तो रोजच घडायचा. तीनला हेमाताईने थैली बंद केली, सील लावलं. तीन वाजून पाच मिनिटांनी साखर कारखान्याचे एक संचालक धापा टाकत पाकीट घेऊन आले.

"बाई, हे तेवढं आत सरकवा."

"थैली बंद झाली. उद्याच्या थैलीत जाईल."

"अहो, पाच मिनिटांचा तर प्रश्न! मी कोण आहे माहीत आहे ना?"

"माहीत आहे. आणि पत्रही महत्त्वाचं असणार. उद्या पहिलं तेच टाकते."

संचालक चरफडले, पण पाकीट देऊन गेले. जाताना दारातल्या माणसाशी गप्पाही मारल्या. हेमाताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या लक्षात आलं की वीस वर्षांत या खिडकीवर तिने हजारो जणांना नाही म्हटलंय आणि कुणाशीही वैर झालेलं नाही. कारण उद्या थैली सुटणार, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. तिच्या रविवारच्या माणसांना मात्र पुढची आवृत्ती कधी निघेल, निघेल की नाही, हेच ठाऊक नसतं. म्हणून जो तो याच आवृत्तीला लोंबकळतो. आणि आपणच त्यांना वर्षानुवर्षं चुकीचा प्रश्न विचारत आलो. 'तुम्हाला कधी जमेल?' असं आपण बनवणाऱ्यांना विचारलं. इंगोले सरांची एसटी कधी सुटते, हे तर माहीतच होतं.

पुढच्या रविवारी तिने टाळ्या वाजायच्या आतच बोलायला सुरुवात केली.

"यंदा तारीख कुणाला विचारायची नाही. शाळा उघडतात त्या सोमवारी सर निघतात. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी बाराला आपली थैली बंद. नवं काम वसुबारसेपर्यंत आणायचं. त्यानंतर फक्त चुका दुरुस्त करायच्या. जे नीट चालत असेल ते जाईल. जे चालत नसेल ते पुढच्या दिवाळीला. आणि पुढच्या दिवाळीला आवृत्ती निघणार, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही निघणार."

वर्तमानपत्र चाळणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनीही माना वर केल्या.

"मी काय टपाल आहे?" नाना म्हणाले.

"नाना, तसं नाही..."

"पुढच्या दिवाळीला! माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे, हेमा. तू मला पुढच्या वर्षाचं आमंत्रण देतेस?" त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "तिथे काय लिहिलंय वाच."

भालूही फुरंगटला. "ताई, आधीच फुकट काम. त्यात आता वेळापत्रक पण? मग नोकरीच केली म्हणायची."

हेमाताईचा इतक्या वर्षांचा वैताग एकदम वर आला. "काम फुकट आहे, भालू. गौराचं दहावीचं वर्ष फुकट नाही. ते तिला पुन्हा मिळणार नाही. रुबीनाचं काम आषाढात झालंय. आषाढात! आणि ते कुणाची वाट बघतंय? न दिसणाऱ्या मुलांसाठी काढलेल्या चित्राची!"

रुबीनाला हसू आवरलं नाही. भालू लाल झाला. नाना उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. पुढचे दोन रविवार ते आलेच नाहीत. हेमाताईला घरी जाऊन जेवण गेलं नाही. पण तारीख तिने खडूने फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिली होती आणि ती पुसली नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळपर्यंत रुबीनाचं गणित आत होतं आणि हेमाताईचा नवा आवाजही. नानांचे श्लोक आले नव्हते. भालूचं चित्र आलं नव्हतं.

भाऊबीजेला भालू आला. हेमाताईला सख्खा भाऊ नव्हता. ती दर वर्षी भालूलाच ओवाळायची. तो पाटावर बसला, टिळा लावून घेतला, आणि ओवाळून झाल्यावर हसत हसत तबकात एक पेनड्राइव्ह ठेवला.

"हे काय रे?"

"ओवाळणी. चित्र झालं, ताई. काय चमकतंय म्हणून सांगू!"

बघा म्हणजे माणूस कुठून शिरतो ते. ओवाळणीला कोण नाही म्हणेल? हेमाताईने तबक खाली ठेवलं, पेनड्राइव्ह उचलून डोळ्यांना लावला आणि देवघरात नेऊन ठेवला.

"ओवाळणी पोचली," ती म्हणाली. "पुढच्या दिवाळीला उघडीन."

"ताई!"

"करंज्या खा. गरम आहेत."

भालूने रागारागाने सात करंज्या खाल्ल्या. पण ठरल्या रविवारी तो वाचनालयात सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

त्या रविवारी इंगोले सरही आले होते. पेनड्राइव्ह नेण्यासाठी पिशवी घेऊनच. शाळेतला एक जुना संगणक त्यांनी मुद्दाम उचलून आणला होता. आपल्या चांगल्या संगणकावर सगळंच चालतं, खरी परीक्षा तिथल्या खटाऱ्यावर, असं रुबीनाचं म्हणणं. नानाही आले. पण ते टेबलापाशी बसले नाहीत. दूर बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले आणि अर्धा तास त्यांनी पान उलटलं नाही.

गणित आणि नवा आवाज रुबीनाने आतापर्यंत वेगवेगळे तपासले होते; साडेअकराला तिने गणिताचं पुस्तक उघडून दोन्हींसह पाटी पहिल्यांदाच सुरू केली. खोलीत हेमाताईचा आवाज घुमला, माणसासारखा, समजावून सांगणारा. इंगोले सरांचा चेहरा उजळला. "ताई, हा तुमचा आवाज? पोरं वेडी होतील हो!"

हेमाताईने पदराने चष्मा पुसला.

"उदाहरण पहिलं," पाटी म्हणाली. "तीन." आणि गप्प झाली. रुबीनाने कळ दाबली. काही नाही. संगणक गोठला होता. तिने तो बंद करून पुन्हा लावला. पुन्हा 'तीन', आणि पुन्हा गप्प.

कारण शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. हेमाताईने तीन हजार शब्द घेतले होते ते गोष्टींच्या, इतिहासाच्या, भूगोलाच्या पुस्तकांतून. रुबीनाचं गणित तेव्हा झालेलंच नव्हतं. त्यामुळे 'छेद' हा शब्द तिने बोलून ठेवला नव्हता, आणि न सापडणाऱ्या शब्दापाशी पाटी अडकून बसत होती. 'वर्गमूळ' नव्हता, 'घातांक' नव्हता. असे पन्नास-साठ शब्द नव्हते. गोधडीखाली दोन वर्षं घाम गाळला, आणि ज्या मुलांसाठी गाळला त्यांच्यातल्या गौराने मागितलेला शब्दच त्यात नव्हता. हेमाताईला स्वतःचाच भयंकर राग आला.

पण बाकीचे लगेच पुढे सरसावले.

"एवढंच ना?" भालू म्हणाला. "पन्नास शब्द काय, आज घरी बसून घ्या. उद्या जोडू, परवा तपासू. दोनच दिवस!"

"तुमच्यासाठी थांबू की," रुबीनाही म्हणाली, हळूच. "दोन वर्षं केलंय तुम्ही, ताई."

इंगोले सर तर नाही म्हणणारे नव्हतेच. "मी बुधवारी निघतो. त्यात काय? पहिली शाळा तेवढी राहील, पुढच्या शाळांचे दिवस ठरलेले आहेत ना... म्हणजे, नंतर कधी जमलं तर त्यांच्याकडे जाईन. तुम्ही सगळे एवढं करता. मी दोन दिवस थांबू नाही?"

पहिली शाळा म्हणजे गौराची शाळा. सरांनी ते नाव घेतलं नाही.

आणि मग बाकावरून नानांचा आवाज आला. वर्तमानपत्र तसंच तोंडासमोर धरलेलं. "थांबव की, हेमा. तुझंच आहे. कोण काय म्हणणार आहे?"

त्यात टोमणा नव्हता. ते खरंच म्हणत होते. हेमाताईला वाटलं, टोमणा असता तर बरं झालं असतं.

खरं सांगायचं तर तिचं मन हो म्हणत होतं. दोन दिवसांनी काय बिघडतं? मुलांना इतका गोड आवाज मिळेल. सगळ्यांची संमती आहे. मागणारी ती नाहीच, देणारे देताहेत. मग तिला कळलं की हे सगळं तिने आधी ऐकलेलं आहे. भालूच्या तोंडून, नानांच्या तोंडून, शब्द न् शब्द. आणि दोन दिवस म्हणजे किती, हे या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोन दिवस म्हणजे होळी.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी होती.

"रुबीना, माझा आवाज काढला आणि जुनाच ठेवला, तर गणित चालतं?"

"चालतं. काल दोनदा पाहिलंय."

"मग काढ."

"ताई, अहो..."

"काढ गं. मला तोंडाने पुन्हा म्हणायला लावू नकोस."

रुबीनाने काढला. पुन्हा पाटी सुरू केली. डब्यातले खडे खडखडले: "उदाहरण पहिलं. तीन छेद चार अधिक एक छेद दोन." एकदाही न अडखळता. त्या प्रकरणाची पाचही पानं. बाराच्या ठोक्याला हेमाताईने पेनड्राइव्ह सरांच्या हातात ठेवला. सरांनी तो खिशात घातला, खिशाचं बटण लावलं आणि वरून दोनदा थोपटला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "पुढच्या दिवाळीला नक्की ना?"

"नक्की, नाना. तुमचं झालं असो वा नसो."

"बरं," नाना उठत म्हणाले. "मग तोवर राहतो."

सर सोमवारी सकाळच्या एसटीने गेले. आठ दिवसांनी पोस्टात फोन वाजला. थैली बंद करायला पाच मिनिटं होती.

"ताई, मी गौरा. आवाज तोच आहे हो. तोच डबा."

"हो गं," हेमाताई म्हणाली.

"सर म्हणाले, तुमचा येणार होता."

"येणार होता. माझी चूक झाली. पुढच्या दिवाळीला येईल."

"तेव्हा मी अकरावीत असेन." मग गौरा म्हणाली, "काल मी अख्खं प्रकरण एकटीने सोडवलं. एकदाही कुणाला हाक मारली नाही. शेजारची मुलगी उठून बघायला आली, मला बरं नाहीये की काय म्हणून."

हेमाताईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"आणि ते सरावाचं पुस्तक आहे ना," गौरा पुढे म्हणाली, "त्यातल्या सातव्या गणिताचं उत्तर चुकीचं छापलंय. मी तीनदा करून पाहिलं. ते कुणाला कळवायचं?"

"पत्र लिही," हेमाताई म्हणाली. "पण तीनच्या आत टाक."

त्यानंतरच्या रविवारी भालू वाचनालयात आला. नाना टेबलापाशीच बसले होते, श्लोकांच्या कागदांत बुडालेले. फळ्यावर पुढच्या दिवाळीची तारीख लिहिलेली होती. भालूने ती वाचली, बोटांवर महिने मोजले आणि खुशीत म्हणाला, "वर्षभर आहे की, ताई! मग तेवढ्यात मी फक्त एक छोटंसं..." हेमाताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला, कपाळाला हात लावला आणि त्याला सांगितलं की

थांबा, मला आईने जेवायला मारलेली ही तिसरी हाक. आता गेलंच पाहिजे. गोष्टीचं तेवढं टोक राहू दे.

तात्पर्य: फुकट दिलेलं कामही वेळेवर पोचलं तरच उपयोगाचं. म्हणून ते पाठवायची तारीख देणाऱ्यांच्या सवडीने न ठरवता घेणाऱ्यांच्या गरजेने ठरवावी, आणि त्या दिवशी जे तयार नसेल ते मागे ठेवावं, मग ते आपलं स्वतःचं का असेना.